मोझेलच्या खोऱ्यात ग्रॅव्हल सायकल: खडी काठावर नाही, माथ्यावर आहे

अनवट

जर्मनीतील मोझेल नदीच्या काठाने सायकलवरून जाऊन आलेल्या मित्रांना मी विचारतो की ग्रॅव्हलचे, म्हणजे खडीच्या रस्त्यांसाठीचे, जाड टायर लावून नेमके काय साधले, तेव्हा बहुतेक जण क्षणभर गप्प होतात. ट्रिअरपासून कोब्लेन्झपर्यंतचा काठावरचा सायकलमार्ग बहुतांश डांबरी आणि जवळजवळ सपाट आहे, आणि तिथे साधी तीन गिअरची सायकलसुद्धा आनंदाने चालते. तो मार्ग सुंदर आहे, याबद्दल वाद नाही. परंतु खडीवर चालवण्यासाठी म्हणून जो या खोऱ्यात येतो, त्याने नकाशा वेगळ्या रीतीने वाचायला हवा. माझ्या तीन फेऱ्यांमधून जे हाती लागले ते इथे मांडतो आहे, आणि जाणकारांनी दुरुस्त करावे अशी विनंती आहे.

मोझेल फ्रान्समधील व्होज डोंगररांगेत, बुसांग खिंडीजवळ 715 मीटर उंचीवर उगम पावते आणि 544 किलोमीटर वाहून कोब्लेन्झ येथे ऱ्हाईनला मिळते. ट्रिअर आणि कोब्लेन्झ ही शहरे सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आतच आहेत, पण नदी मात्र त्यासाठी सुमारे 190 किलोमीटर घेते, इतकी ती वळणे घेत जाते. एवढ्या प्रवासात ती जेमतेम साठ-पासष्ट मीटर खाली उतरते, आणि जलवाहतुकीसाठी बांधलेल्या बंधाऱ्यांमुळे तिचे पाणी बहुतेक ठिकाणी तळ्यासारखे संथ दिसते. उत्तरेला आयफेल आणि दक्षिणेला हुन्सर्‍युक हे दोन पठारी डोंगरप्रदेश आहेत, आणि नदीने त्यांच्यामधून दोन-तीनशे मीटर खोल खाच कापलेली आहे. त्यामुळे या खोऱ्यात सगळा फरक उभ्या दिशेने पडतो. कोखेमला आहात की बर्नकास्टेलला, याने चाकाखालचा रस्ता फारसा बदलत नाही. काठावर आहात, बागांत आहात की माथ्यावर, याने तो पूर्ण बदलतो.

मधल्या पट्ट्याविषयी, म्हणजे द्राक्षबागांविषयी, माझा पहिल्या वर्षी मोठा गैरसमज झाला होता. छायाचित्रांत त्या उतारांवर आडव्या वाटांच्या रेघा दिसतात आणि त्या मुरमाड असतील असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत इथे लहान लहान तुकड्यांच्या जमिनींचे एकत्रीकरण झाले, आणि त्याबरोबर ट्रॅक्टरसाठी डांबराच्या किंवा काँक्रीटच्या पक्क्या वाटा बांधल्या गेल्या. जिथे ट्रॅक्टर चढणे शक्यच नव्हते, तिथे वाट झालीच नाही. तिथे आजही दगडी बांधांमधून पायऱ्या आहेत आणि द्राक्षांच्या पाट्या वर-खाली नेण्यासाठी दात्यांच्या एकाच रुळावरून चालणारी छोटी गाडी आहे. ब्रेम गावाच्या वरचा काल्मोंट हा उतार काही ठिकाणी सुमारे 65 अंशांचा आहे आणि युरोपातील सर्वांत तीव्र उताराच्या द्राक्षबागांमध्ये त्याची गणना होते. तिथे सायकल घेऊन काय करणार? बागांमध्ये एकतर पक्की वाट मिळते नाहीतर पायरी मिळते, आणि खडी मिळते ती तुकड्यातुकड्याने.

खरी खडी बागा संपल्यावर, जंगलाच्या कडेला सुरू होते. तिथे लाकूडतोडीसाठी केलेले, दाबून बसवलेल्या खडीचे रुंद रस्ते आहेत, ते मैलोन्‌मैल जंगलातून जातात आणि त्यांवर मोटारी जवळपास नसतात. म्हणून माझी पद्धत आता ठरून गेली आहे. सकाळी ताज्या पायांनी एकच मोठा चढ चढायचा, दिवसभर माथ्यावर राहायचे, मधल्या घळींचे मोह टाळायचे, आणि दुपार कलल्यावर बागांमधल्या पक्क्या वाटेने काठावर उतरायचे. दिवसातून तीनदा नदीला हात लावायचा हट्ट धरला तर प्रत्येक वेळी अडीचशे-तीनशे मीटर चढावे लागते आणि संध्याकाळी हिशेब हजार मीटरांच्या जवळ जातो, शिवाय खडी चालवलेली असते ती मोजून पंधरा किलोमीटर.

मंदगती

लेख वाचून जाण्याची इच्छाही झाली आणि धास्तीही वाटली. माझे वय पन्नाशीच्या पुढे आहे, सायकल एका चकतीची म्हणजे पुढे 40 दात्यांची आणि मागे सर्वांत मोठी 42 दात्यांची आहे. तो "सकाळचा एकच मोठा चढ" नेमका किती कठीण असतो, हे कोणी आकड्यांत सांगू शकेल का? चढ उतरून ढकलण्यात मला कमीपणा वाटत नाही, पण सुट्टीचा निम्मा वेळ ढकलण्यात जाऊ नये इतकेच.

पाटीपेन्सिल

आकड्यांत सांगतो. काठावरून माथ्याकडे बागांतून थेट जाणारी वाट दोन किलोमीटरमध्ये 280 मीटर चढते असे धरू. हे या खोऱ्यात मुळीच अपवादात्मक नाही. म्हणजे सरासरी 14 टक्के. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून 90 किलो धरले, तर तुमच्या 40-42 च्या गिअरमध्ये मिनिटाला 60 वेळा पायडल फिरवल्यावर ताशी सुमारे साडेसात किलोमीटर वेग येतो, आणि त्यासाठी 280 वॅटच्या आसपास ताकद सोळा मिनिटे सलग द्यावी लागते. हे नियमित सराव करणाऱ्यालाही घाम फोडणारे काम आहे. तेच पुढे 30 आणि मागे 46 दाते असतील, तर त्याच लयीत वेग ताशी सव्वापाच किलोमीटरवर येतो आणि ताकद 190 वॅटच्या आसपास पुरते. तेवीस मिनिटे लागतात, पण माणूस वर पोहोचल्यावर बोलू शकतो.

तुम्हाला माझा सल्ला असा की पुढची चकती लहान करून घ्या. मोझेलवर सर्वांत मोठ्या गिअरची गरज कोणालाच पडत नाही, कारण सपाट भागात लोक रमतगमत चालवतात आणि उतारावर ब्रेक दाबलेले असतात. सर्वांत लहान गिअर मात्र रोज लागतो. दुसरा मार्ग म्हणजे बागांतून थेट न चढता एखाद्या उपनदीच्या घळीतून चढणे. असे रस्ते ओढ्याच्या कडेकडेने जातात, त्यामुळे लांबी दुप्पट होते आणि चढ निम्म्यावर येतो. त्राबेन-त्रारबाखहून काउटेनबाखच्या घळीतून हुन्सर्‍युककडे जाणारा रस्ता या प्रकारचा आहे.

आता टायर. माझे टोपणनाव ज्या दगडावरून घेतले आहे तोच इथला मुख्य दगड आहे. डेव्होनियन काळातला, म्हणजे सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीचा पाटीचा दगड या उतारांवर सर्वत्र पसरलेला आहे; तो दिवसा तापतो, रात्री ऊब सोडतो, आणि रीसलिंग जातीच्या द्राक्षांना इतक्या उत्तरेला पिकायला मदत करतो. सायकलस्वाराच्या दृष्टीने त्याचा स्वभाव वेगळा आहे. तो पापुद्र्यांनी फुटतो आणि प्रत्येक पापुद्र्याला सुरीसारखी कड असते. गोट्यांवर टायरचा तळ झिजतो. या दगडावर टायरची बाजू चिरते. दोन वर्षांपूर्वी माझ्या मागच्या टायरला बोटभर लांबीची चीर पडली, ट्यूब नसलेल्या टायरमध्ये भोके बुजवायला भरलेला आतला द्रव फवाऱ्यासारखा उडून गेला आणि मी खांद्यावर सायकल घेऊन साडेतीनशे पायऱ्या उतरलो. पायऱ्या मी मोजल्या, कारण दुसरे काही करण्यासारखे नव्हते. तेव्हापासून बाजू जाड असलेलेच टायर वापरतो, रुंदी 42 ते 45 मिलिमीटर, हवेचा दाब माझ्या वजनाला दोन ते अडीच बार. टायरच्या आतून चिकटवायचा जाड कापडी तुकडा आणि एक साधी ट्यूब पिशवीत कायम असते. ट्यूबलेसमधील द्रव काट्याचे भोक बुजवतो, सुरीची जखम बुजवत नाही.

द्राक्षवेल

मी गेली काही वर्षे मधल्या मोझेलवर राहतो आणि शरद ऋतूत ओळखीच्या बागेत तोडणीला जातो, म्हणून बागांची बाजू मांडतो. अनवट यांनी बागांना "मधला पट्टा" म्हणून झटकन ओलांडले, ते मला थोडे खटकले. खडी नाही म्हणून तिथे पाहण्यासारखे काही नाही असे होत नाही. उतारावर मध्यावरून जाणाऱ्या आडव्या पक्क्या वाटा नदीपासून शे-दीडशे मीटर वर असतात, चढ-उतार नाममात्र असतो, आणि नदीचे पूर्ण वळण एका नजरेत येते ते तिथूनच. माथ्यावरच्या जंगलातून नदी क्वचितच दिसते. पहाटे खोऱ्यात धुके भरलेले असताना त्या वाटेवरून जाण्यासाठी मी डांबरही सहन करतो.

परंतु ती वाट कोणाची आहे, हे विसरता कामा नये. ती शेतकऱ्याने कामासाठी वापरायची वाट आहे आणि आपण तिथे पाहुणे आहोत. तोडणी साधारण सप्टेंबरमध्ये सुरू होते आणि ऑक्टोबरभर, कधी त्यापुढेही चालते. त्या दिवसांत प्रत्येक वळणाआड ट्रॅक्टर उभा असू शकतो, वाटेवर द्राक्षांचा चोथा आणि पाने सांडलेली असतात, आणि ओल्या पानांखालचे काँक्रीट साबणासारखे निसटते. ट्रॅक्टर समोर आला तर आपण उतरून कडेला उभे राहावे; त्याला तीव्र उतारावर भरलेला गाडा थांबवून पुन्हा सुरू करणे आपल्यापेक्षा कितीतरी अवघड असते. एका सायकलस्वाराने घंटी वाजवून आमच्या गाड्याला बाजूला व्हायला सांगितले होते, तेव्हा बागेचे वयस्कर मालक काहीच बोलले नाहीत, फक्त टोपी काढून त्याला नमस्कार केला. त्या नमस्काराचा अर्थ त्या गृहस्थांना कळला असेल असे वाटत नाही.

दुसरी गोष्ट फवारणीची. अतितीव्र उतारांवर यंत्र चढत नाही, म्हणून भुरी आणि केवड्यासारख्या बुरशीजन्य रोगांवरची औषधे हेलिकॉप्टरने फवारली जातात. हे काम उन्हाळ्यात, बहुधा भल्या पहाटे होते, आणि तेवढ्या वेळापुरत्या वाटा अडवलेल्या असतात. पट्टी लावलेली दिसली तर वळसा घ्यावा. "आवाज तर दूर आहे" असे म्हणून आत शिरू नये, कारण ते हेलिकॉप्टर टेकडीआडून अर्ध्या मिनिटात डोक्यावर येते.

रानवाट

चर्चेत एक महत्त्वाची गोष्ट अजून आलेली नाही, ती म्हणजे कायदा. ट्रिअरपासून कोब्लेन्झपर्यंतचा हा सगळा भाग ऱ्हाईनलँड-फाल्झ राज्यात येतो, आणि त्या राज्याच्या वनकायद्यानुसार जंगलात सायकल चालवण्याची परवानगी रस्त्यांवर आणि वनरस्त्यांवरच आहे. वनरस्ता म्हणजे वनकामासाठी कायमस्वरूपी केलेला किंवा मुळातच टणक असलेला रस्ता. पायवाटा त्यात मोडत नाहीत, आणि लाकडे ओढून काढण्यासाठी झाडांमधून पाडलेल्या पट्ट्याही मोडत नाहीत. ग्रॅव्हलवाल्यांच्या दृष्टीने ही अडचण नाहीच, कारण आपल्याला हवी असलेली रुंद खडी नेमकी परवानगीच्या बाजूला येते.

गोंधळ होतो तो नकाशावरून मार्ग काढताना. 2014 मध्ये खुला झालेला मोझेलश्टाइग हा 365 किलोमीटरचा, चोवीस टप्प्यांचा पायी मार्ग पेर्लपासून कोब्लेन्झपर्यंत जातो आणि सगळ्या नकाशांवर ठळकपणे दाखवलेला असतो. मार्ग सुचवणारी ॲप त्यावरून सायकल नेऊ पाहतात. त्याचा काही भाग वनरस्त्यांवरून जातो, पण बराचसा भाग अरुंद पायवाट आहे, मध्ये पायऱ्या आणि कडे आहेत. तिथे सायकल चालवणे नियमात बसत नाही, आणि समोरून चालत येणाऱ्या माणसाला उतारावर बाजूला व्हायला जागाही नसते.

फलकांविषयीही सांगतो. लाल कडेचे पांढरे रिकामे वर्तुळ म्हणजे सर्व वाहनांना बंदी, त्यात सायकलही आली. खाली "सायकलला मुभा" अशी जोडपाटी असेल तरच चालवता येते, नाहीतर उतरून ढकलावी. त्याच वर्तुळात मोटार आणि मोटारसायकलचे चित्र असेल तर ती बंदी केवळ मोटारवाहनांना असते. बागांच्या तोंडाशी दोन्ही प्रकार दिसतात आणि धावत्या नजरेला सारखेच वाटतात. आणि जंगलात लाकूडतोडीची पट्टी किंवा शिकारीचा फलक असेल, तर तिथे मात्र चर्चेला जागा नाही. 2018 नंतरच्या कोरड्या उन्हाळ्यांत सालपोखरणाऱ्या किड्यांनी स्प्रूसची झाडे मोठ्या प्रमाणावर मारली, त्यामुळे तोड बरीच वाढली आणि अवजड यंत्रांनी काही चांगले रस्ते उखडून टाकले. नकाशावर सरळ रेघ दिसते आणि प्रत्यक्षात गुडघाभर चिखलाची चाकोरी असते, असे मला दोनदा झाले आहे.

अनवट

द्राक्षवेल, आपला आक्षेप मान्य आहे. खडी शोधण्याच्या नादात मी मधल्या पट्ट्यावर अन्याय केला. पण आपल्या म्हणण्यामुळे माझ्या मूळ मुद्द्याला बळच मिळते: ती आडवी वाट पहाटेची आहे, आणि जंगल दुपारचे. उन्हाळ्यात दुपारी पाटीच्या दगडाच्या उतारावर भट्टीसारखे तापते आणि सावलीला एकही झाड नसते, तेव्हा माथ्यावरच्या बीच आणि ओकच्या झाडांखाली असणे शहाणपणाचे ठरते.

मंदगती यांच्यासाठी एक लहानसा नमुना देतो, ज्यात एकच चढ आहे. बर्नकास्टेल-कुएसहून त्राबेन-त्रारबाखला नदीकाठाने जायचे तर वीसपेक्षा जास्त किलोमीटर होतात, कारण नदी मध्ये मोठे वळण घेते. मधली टेकडी ओलांडली तर अंतर सात-आठ किलोमीटरच उरते. दगदग नको असेल त्यांनी टेकडीने जावे आणि काठाने परत यावे. दिवसभरात चढ एकदाच, आणि तोही ग्राखच्या वरच्या अंगाने जंगलात शिरेपर्यंत. वेळ उरला तर त्राबेनच्या वरच्या टेकडीवर मों रोयाल या किल्ल्याचे अवशेष आहेत. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने तो 1687 मध्ये बांधायला घेतला आणि 1697 च्या ऱ्हाइसवाइकच्या तहानंतर तो पाडावा लागला. जेमतेम दहा वर्षांचे आयुष्य. आता त्या तटांच्या ढिगाऱ्यांमध्ये झाडी माजली आहे.

ज्यांना पूर्ण दिवस माथ्यावर घालवायचा आहे, त्यांनी हुन्सर्‍युकवरचा औसोनियुसमार्ग शोधावा. ट्रिअर आणि बिंगेन यांना जोडणारा हा मूळचा रोमन रस्ता आहे. रोमन अभियंते घळींमध्ये उतरत नसत, पाणलोटाच्या कण्यावरून रस्ता नेत असत, आणि म्हणूनच त्याचे जंगलातले तुकडे सलग आणि कमी चढाचे आहेत. मी वर लिहिलेली "एकच चढ" ही युक्ती त्यांनी त्या काळीच अमलात आणली होती.

उतरताना मात्र जपून. 90 किलो वजन तीनशे मीटर खाली आणायचे म्हणजे सुमारे 265 किलोज्यूल ऊर्जा, आणि हळू उतरले तर जवळजवळ ती सगळी ब्रेकच्या दोन लहानशा चकत्यांवर उष्णता होऊन पडते. ब्रेक सतत अर्धवट दाबून धरू नयेत. वळणापूर्वी जोरात दाबून सोडावेत, म्हणजे चकत्यांना निवायला अवधी मिळतो. पावसाळी दिवसांत दगडाची भुकटी मिसळलेले पाणी ब्रेकचे पॅड पाहता पाहता खाऊन टाकते, म्हणून धातुमिश्रित पॅड लावावेत आणि एक जोडी जवळ ठेवावी.

मंदगती

सर्वांचे मनापासून आभार. पुढची चकती 30 दात्यांची बसवता येईल का, हे उद्याच विचारतो. आणखी दोन शंका आहेत. दमल्यावर रेल्वेने परत येता येते का? आणि वाटेत वाइन चाखली तर सायकल चालवण्यास काही अडचण असते का?

द्राक्षवेल

रेल्वेचे गणित थोडे विचित्र आहे. ट्रिअर–कोब्लेन्झ मुख्य मार्ग सर्वत्र नदीला धरून जात नाही. कोब्लेन्झकडून तो कोखेमपर्यंत काठाने येतो, मग 4.2 किलोमीटरच्या बोगद्यातून थेट एडिगर-एलरला निघतो, तर तेवढ्याच प्रवासासाठी नदी वीसहून अधिक किलोमीटरचे वळण घेते. पुढे बुलायनंतर दुमजली पूल लागतो, वर रेल्वे आणि खाली मोटारी. त्यानंतर प्युंडरिखच्या उतारावरचा 92 कमानींचा पूल ओलांडून गाडी नदी सोडते आणि व्हिटलिखच्या बाजूने जाऊन पुन्हा श्वाइखला नदीजवळ येते. म्हणजे मधल्या मोझेलवर, बर्नकास्टेलसारख्या नावाजलेल्या गावालासुद्धा, रेल्वे नाही. त्राबेन-त्रारबाखला बुलायहून एक फाटा येतो, तेवढाच आधार. म्हणून दिवसाचा शेवट त्राबेन, बुलाय किंवा त्याच्या खालच्या अंगाच्या गावात येईल असा मार्ग आखावा. या राज्यातल्या प्रादेशिक गाड्यांमध्ये सायकल शनिवार-रविवारी दिवसभर आणि इतर दिवशी सकाळी नऊनंतर विनाशुल्क नेता येते, पण जागेची हमी नसते आणि चाकाच्या खुर्चीला व बाबागाडीला अर्थातच प्राधान्य असते. तोडणीच्या दिवसांतल्या रविवारी संध्याकाळच्या गाडीत सायकल शिरेल या भरवशावर राहू नका.

वाइनचे म्हणाल तर सायकलस्वारासाठी रक्तातील अल्कोहोलची 1.6 प्रति हजार ही मर्यादा फौजदारी गुन्ह्याची आहे, पण चालवण्यात चूक दिसली किंवा अपघात झाला तर 0.3 पासूनच कारवाई होऊ शकते. कायदा बाजूला ठेवला तरी दिवसाचा शेवट बागांमधल्या वीस टक्के उताराने होतो, हे लक्षात ठेवावे. माझी पद्धत अशी की आधी उतरायचे, सायकल मुक्कामी लावायची आणि मग चालत एखाद्या श्ट्राउसव्हिर्टशाफ्टमध्ये जायचे. हे बागायतदाराच्या घरचेच छोटे बैठकगृह असते. तिथे स्वतःच्या बागेची वाइन आणि साधे खाणे मिळते, आणि नियमानुसार ते वर्षातून जास्तीत जास्त चार महिने आणि एका वेळी चाळीस जणांना बसता येईल एवढ्या जागेपुरतेच चालवता येते. दारावर फांदी किंवा झाडू टांगलेला असला की समजावे, आज उघडे आहे.

रानवाट

हंगामाविषयी एक भर. हिवाळ्यात आणि लवकर वसंतात काठावरच्या मार्गावर विसंबू नये, कारण मोझेलला पूर येतो तो मुख्यतः त्याच काळात, आणि त्या वेळी सर्वांत आधी सायकलमार्गच पाण्याखाली जातो. डिसेंबर 1993 मध्ये ट्रिअरच्या मोजपट्टीवर पाणी 11.28 मीटरपर्यंत चढले होते. काठावरच्या गावांतील घरांच्या भिंतींवर त्या पातळीच्या खुणा कोरून ठेवलेल्या दिसतात, आणि त्यांतल्या काही सायकलवर बसलेल्या माणसाच्या डोक्याच्याही वर आहेत. मंदगती, तुम्हाला मी मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचा काळ सुचवेन. वनरस्ते वाळलेले असतात, दिवस मोठा असतो आणि तोडणीची वर्दळ नसते. फवारणीची पट्टी तेवढी पाहावी लागेल.

मंदगती

जूनचा पहिला आठवडा नक्की करतो. मुक्काम त्राबेनला, पहिल्या दिवशी ग्राखची टेकडी.